लुसानारचे बुडबुडे

आमच्या कंपनीचा इतिहास सांगा असं कोणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. विचारणारा नेहमी पश्चिम जर्मनीकडून आलेला असतो, गळ्यात कॅमेरा असतो, आणि मी हातातलं काम टाकून त्याला गोष्ट सांगावी अशी त्याची अपेक्षा असते. अहो, गोष्ट कसली? म्हातारा चिर्नर चष्म्याच्या काचा घासायचा, तो पुढे कॅमेऱ्याच्या काचा घासायला लागला. धंदा चालला. मुलांनी कारखाना बांधला. दुसऱ्या महायुद्धात आम्ही तोफांच्या दुर्बिणी केल्या, पण तो भाग कोणाला ऐकायचा नसतो. मग रशियन आले आणि यंत्रं, काचा, अगदी दारांच्या कड्यासुद्धा आगगाडीत भरून घेऊन गेले. उरलेल्या माणसांनी लाकडी बाकांवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सरकारने चिर्नरच्या नातवाला घालवून दिलं आणि फाटकावर 'लोकांच्या मालकीचा कारखाना' अशी पाटी ठोकली. पुढे बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला, आणि लोकांच्या मालकीचा कारखाना बंद करताना लोकांना कोणी विचारलं नाही. संपला इतिहास.

नाव तेवढं राहिलं. चिर्नर हे नाव त्यानंतर इतक्या जणांनी घेतलं आणि विकलं की मी लक्ष ठेवायचं सोडून दिलं. सध्या ते हॅम्बर्गच्या एका माणसाकडे होतं, आणि त्याच्यामुळेच ही सगळी भानगड झाली.

मी ग्रिट वेन्झेल. कारखाना बंद झाला तेव्हा गावातली निम्मी पोरं पश्चिमेला गेली, तशी मीही गेले. स्टुटगार्टला जन्म काढला म्हणा ना. चार वर्षांपूर्वी परत आले आणि कारखान्याच्या जुन्या पॅकिंगच्या खोलीत वर्कशॉप काढलं. माणसं कोण? माझे बाबा, एकेहार्ड वेन्झेल, जे चिर्नरमध्ये लेन्सवाल्यांचे मास्टर होते. माझी आई, जी तिथेच तपासणी खात्यात होती. आणि लोथार, जो पितळेचं काम करतो आणि उरलेल्या वेळात तोंडाचा पट्टा चालवतो. जुन्या लेन्स दुरुस्त करायच्या, कुठल्या प्रयोगशाळेला एखादं भिंग करून द्यायचं, असं रडतखडत चाललं होतं. खोली नगरपालिकेची. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, शरद ऋतू येईपर्यंत हाती कायमचं काम असेल तर खोली तुमची, नाहीतर सामान हलवणाऱ्या कंपनीला गोदामासाठी देऊ.

म्हणजे मला पुन्हा स्टुटगार्ट. बाबा शहात्तर वर्षांचे, आई दोन वर्षांनी लहान. या खेपेला गेले तर दोघांना भेटायला यायचं ते बहुधा अंत्यविधीचे काळे कपडे घालूनच, हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. पण आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही.

आणि अशा वेळी ते हॅम्बर्गचे गृहस्थ आले, क्लासेन नाव त्यांचं. पंचेचाळिशीचे, मऊ बोलणारे, पायात पांढरे बूट. त्यांना लुसानार हवी होती.

लुसानार म्हणजे चिर्नरची सगळ्यात स्वस्त लेन्स. नळीत तीन काचा, बस्स. कामगारांच्या कॅमेऱ्यावर बसायची. तिच्यात एक खोड होती. फोटोत मागे दिवे असले, पानांवर पाणी असलं, तर तो प्रत्येक ठिपका साबणाच्या बुडबुड्यासारखा यायचा, कडेला झगझगीत वर्तुळ आणि आत पोकळ. लग्नाच्या फोटोत नवरीच्या डोक्यामागे मेणबत्त्यांचे बुडबुडे! लोक वैतागून कारखान्याला कळवायचे. आईचं तपासणीचं काम म्हणजे हीच खोड पकडायची. काळ्या पत्र्याला सुईएवढं भोक, मागे दिवा, आणि लेन्समधून तो ठिपका बघायचा. लेन्स जराशी सरकवली की ठिपक्याची चकती होते. चकती सगळीकडे सारखी उजळ असेल तर लेन्स चांगली. कडा जास्त झगझगली की लेन्स बाद.

आणि बाबांनी काय केलं, तर ती खोड काढली. ऐन तरुणपणातली कितीतरी वर्षं त्यांनी त्या एका कडेमागे घालवली. शेवटची काच डांबराच्या थापीवर हाताने चोळताना, अगदी शेवटी, कडेकडेने एक वेगळा फेरा द्यायचा, आणि तो फेरा कुठे थांबवायचा हे बोटांना कळलं पाहिजे. ते त्यांनी शोधलं. पुढच्या सगळ्या लुसानार स्वच्छ निघाल्या. त्याबद्दल त्यांना पदक मिळालं आणि आम्हा तिघांना हंगेरीतल्या बालाटोन तलावावर सुट्टी मिळाली. आमच्या घराण्याला मिळालेला मान तो एवढाच.

आता क्लासेन काय म्हणाले ऐका.

"मास्टर वेन्झेल, आम्हाला दुसरी लुसानार नको. पहिली हवी. बुडबुडेवाली. तरुण मुलं जुन्या बाजारात ती शोधत फिरतात. आम्ही नवीन काढू, तुमच्या गावात, तुमच्या हातची."

बाबा आधी हसले. त्यांना वाटलं हा हॅम्बर्गचा विनोद आहे. मग क्लासेननी फोनवर फोटो दाखवले. फूल एक, आणि मागे नुसते बुडबुडेच बुडबुडे.

"हे खराब आहे," बाबा म्हणाले.

"हेच तर हवंय."

"अहो, पण खराब आहे हे! दिसत नाही का तुम्हाला? डोळे तपासून घ्या."

मी टेबलाखालून बाबांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय मागे घेतला आणि उठून गेले. मी क्लासेनना कॉफी दिली, आणि नमुने जूनमध्ये बघायला या म्हणाले. दुसरं काय करणार होते?

तिथून जो माझ्या डोक्याला ताप सुरू झाला तो विचारू नका. काच घासायचा जुना बाक आमच्याकडे होता. काचेचा गोलवा मोजायच्या मूळ पट्ट्या होत्या. सगळं जुन्याप्रमाणे करायचं, आणि तो शेवटचा कडेचा फेरा तेवढा द्यायचा नाही, एवढंच काम. काही न करणं हेच काम! बाबा हो म्हणायचे, बाकावर बसायचे, आणि काच निघायची ती लख्ख.

"बाबा, पुन्हा फेरा दिलास तू."

"नाही दिला."

"मग कडा कुठे गेली?"

"मी नाही दिला, ग्रिट. हात गेला असेल."

"तुझाच हात ना तो? की शेजाऱ्याचा?"

लोथार लेथवरून ओरडला, "मास्टरांना खोटं शिंकायला सांगितलं तरी त्यांना खरी सर्दी होईल. सोडा तो नाद!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. त्याला काय जातंय हसायला.

मी सगळं करून पाहिलं. गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं. बाकाशेजारी उभी राहून 'थांब' म्हणून ओरडले, तर बाबांनी काच खाली ठेवली आणि म्हणाले, कुत्र्याला सांगतात तसं मला सांगू नकोस. एकदा तर मी काच अर्ध्यातून त्यांच्या हातातून ओढून घेतली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग एप्रन काढून खुंटीला लावला आणि घरी निघून गेले. पालथ्या घड्यावर पाणी. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो पीळ माझ्याच बापाच्या अंगात आहे हे तेव्हा नीट समजलं.

मे संपत आला तेव्हा एका रविवारी जेवताना माझा बांध फुटला. आईने बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी केला होता. बाबा गोळा मधोमध सारखा कापत होते. ते बघूनही मला संताप आला.

"बाबा, मी स्पष्टच बोलते. नमुना निघाला नाही तर खोली जाणार. खोली गेली की मी जाणार. मला इथे राहायचंय. तुमच्याजवळ राहायचंय मला. ती एक घाणेरडी कडा ठेवायला तुला एवढं जड जातंय, मग मी गेलेलं चालेल का तुला?"

आई म्हणाली, "जेवताना नको."

"मग कधी, आई? आपल्याकडे कधीच नको असतं."

बाबांनी गोळ्याचे अर्धे पुन्हा सारखे कापले. रस्सा गार झाला. मग म्हणाले, "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. जेव आता."

त्यानंतर ते एकटे काम करायला लागले. मी आत गेले की पाठ फिरवायचे. मी विचारलं नाही. एकदा दारातून पाहिलं तर थापीवर काच तशीच होती, आणि ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बाकावर बसले होते. मला रडू आलं, म्हणून मी लोथारवर उगाच खेकसले.

जूनमध्ये क्लासेन आले. बाबा आदल्या दिवशीच म्हणाले होते, नमुने ट्रेमध्ये ठेवलेत, तुझी आई तपासून देईल, मी बागेत जातो, मला तो पांढऱ्या बुटांचा माणूस बघवत नाही. बागेत म्हणजे रुळांपलीकडे आमचा वाफा आहे, झोपडीएवढं खोपट आणि आंबट बोरांची झुडपं. आईसुद्धा नमुने देऊन खसखशीचा केक घेऊन तिकडेच गेली. ट्रेमध्ये दोन लेन्स होत्या. मी मनात म्हटलं, घे देवाचं नाव.

अंगणातल्या कुंपणाच्या झुडपावर लोथारने नळीने पाणी मारलं. मागून ऊन येत होतं. क्लासेननी पहिली लेन्स लावली, गुडघ्यावर बसले, फोटो काढला, मागचा पडदा बघितला. दुसरी लावली. पुन्हा बसले. पांढऱ्या बुटांना चिखल लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं, म्हणजे गरज त्यांनाही होती हे मला दिसत होतं.

"सुंदर लेन्स आहेत, फ्राउ वेन्झेल," ते म्हणाले. "इतक्या स्वच्छ मी पाहिल्या नाहीत. पण स्वच्छ लेन्स मला कोणीही देतं."

त्यांनी पडदा माझ्यापुढे धरला. पानावरचे थेंब मागे मऊ विरघळून गेले होते. बुडबुडा औषधाला नाही.

"आणखी थोडा वेळ द्या," मी म्हणाले.

"मी जूनपर्यंत वेळ दिला होता. आता मी दुसरीकडे विचारतो. राग मानू नका." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, लोथारशीही हात मिळवला, आणि पेटी उचलून स्टेशनकडे चालत गेले. वाईट वागले असते तर बरं झालं असतं. मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

लोथार नळी गुंडाळायला लागला. मी सायकल काढली आणि तडक बाग गाठली.

बाबा झुडपापाशी वाकून बोरं तोडत होते. आई खोपटापुढच्या टेबलावर केक कापत होती.

"झालं समाधान?" मी फाटकातूनच ओरडले. शेजारच्या वाफ्यातल्या बाईने मान वर केली. केली तर केली. "गेला तो! गेलं काम! दोन्हीच्या दोन्ही लख्ख! बरं म्हणाला होतास ना तू मला? तोंडावर बरं म्हणायचं आणि मागे आपलंच घोडं दामटायचं! पदक मिळालं होतं ना, ते गळ्यात घालून बस आता. तुझी पोर गेली तरी तुझी कडा स्वच्छ राहिली पाहिजे!"

बाबा सरळ उभे राहिले. हातात बोरांचा डबा.

"दोन्ही कशा लख्ख असतील?" ते म्हणाले. "मी एक वाईट केली होती."

"खोटं बोलू नकोस."

"वाईट केली होती, ग्रिट. चांगली जाड, ओंगळ कडा. फेरा दिलाच नाही. हात बांधून बसलो होतो. ट्रेमध्ये तीन होत्या, दोनवर हात गेला, तिसरी वाईट."

"तीन नव्हत्या! दोन होत्या!"

आईने सुरी खाली ठेवली. "डावीकडची म्हणतोस का?" ती म्हणाली. "ती मी काढली."

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"काढली म्हणजे काय, आई?"

"काढली म्हणजे काढली. बाद होती. कडा केवढी झगझगत होती! पाहुण्याला ती द्यायची? मी रेघ मारून खोक्यात टाकली."

रेघ म्हणजे काय ते सांगते. चिर्नरमध्ये बाद काचेवर हिऱ्याच्या टोकाने आडवी रेघ ओढायचे, म्हणजे ती खिशात घालून फाटकाबाहेर नेऊन कोणी विकू नये. कारखाना जाऊन पाव शतक उलटलं, फाटक भंगारात गेलं, पण आईचं हिऱ्याचं टोक अजून तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असतं.

"आई, अगं खराबच हवी होती ना! महिनोन्महिने मी काय बोंबलतेय?"

"तू म्हणालीस जुन्यासारखी हवी. जुन्यात मी अशी पास केली नसती. एकसुद्धा नाही." तिचा आवाज चढला. "तुम्ही दोघं भांडत होता ते याच्या फेऱ्यावरून. मला कोणी येऊन सांगितलं का, की बाई, आता तू बाद ती पास कर? सांगितलं का मला?"

सांगितलं नव्हतं. खरंच नव्हतं सांगितलं. आईला काही सांगावं लागतं हेच आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कोणाला?

बाबा उलट्या बादलीवर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

"जन्मात एक वाईट केली," ते म्हणाले, "तर हिने पकडली." आणि आईकडे असं बघितलं की मी मान फिरवली.

"हसतोस काय, एकेहार्ड," आई म्हणाली. "पोरगी चाललीय."

तेव्हा मला सुचलं. रेघेने काय होतं? समोरच्या काचेवरची एक बारीक रेघ फोटोत दिसत नाही, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी सायकल फिरवली. वर्कशॉपमध्ये जाऊन खोकं पालथं घातलं, ती लेन्स सापडली, ती रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि स्टेशनकडे सुटले. आमच्याकडे गाडी तासातून एकदा येते. गावाची ही खोड त्या दिवशी पहिल्यांदा कामी आली.

क्लासेन फलाटावरच्या बाकावर बसून पाव आणि सॉसेज खात होते. मला बघून घास घशात अडकला त्यांच्या.

"ही लावा," मी धापा टाकत म्हणाले. "काही विचारू नका. लावा आधी."

त्यांनी हात पुसले, लेन्स उजेडात धरली. "ही रेघ कसली?"

"आईची. लावा हो!"

रुळांमध्ये फुटक्या बाटलीचे तुकडे पडले होते, त्यांवर ऊन चमकत होतं. अलीकडे फलाटाच्या कडेला एक पिवळं फूल उगवलं होतं. क्लासेन पोटावर झोपले. फोटो काढला. पडदा बघितला आणि तसेच पडून राहिले.

"फ्राउ वेन्झेल," ते म्हणाले, "हेच. हेच की हो!"

मी बघितलं. फुलामागे बुडबुडेच बुडबुडे होते. मला ते वाईटच दिसले, खोटं कशाला बोलू. मी पण वेन्झेलांचीच.

काम मिळालं. भरपूर मिळालं, पुढची दोन वर्षं पुरेल इतकं. फलाटावरच हात मिळवताना क्लासेननी एकच अट घातली. सगळ्या सारख्या हव्यात. एखादी स्वच्छ निघाली तर ती पाठवायच्या डब्यात जाता कामा नये, चिर्नरच्या नावाखाली बाजारात येता कामा नये, लोक बुडबुड्यांसाठी पैसे देणार आहेत, एकाला मिळाले नाहीत तर तो बोंब मारेल. मी हो म्हणाले. त्या वेळी मी कशालाही हो म्हणाले असते. नगरपालिकेने खोली आमच्या नावावर केली. मी स्टुटगार्टमधली अजून धरून ठेवलेली जागा सोडून दिली आणि उरलेले चार बोजे घेऊन आले. आईने माझ्या खोलीचे पडदे धुतले.

सगळं मनासारखं झालं, तर मी खूश असायला हवं होतं, नाही का? पण बाबा कामाला लागले आणि वर्कशॉपमधली शीळ बंद झाली. ते काम करताना शीळ घालायचे हे मला ती बंद झाल्यावर लक्षात आलं. काच घ्यायची, चोळायची, शेवटचा फेरा आला की हात उचलून मांडीवर ठेवायचा. एकामागून एक. आई ठिपक्यापुढे बसायची, झगझगीत कडा बघायची, ओठ दाबायची आणि 'पास' म्हणायची. पास म्हणताना तिचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा. लोथारने एकदा विनोद केला आणि कोणी हसलं नाही, तेव्हापासून तोही लेथकडे तोंड करून बसायला लागला. मी तिघांवर चिडायची. काम मिळालंय, चेहरे कसले पाडून बसता, असं म्हणायची. चिडून काय होणार होतं?

ऑक्टोबरमधली गोष्ट. सकाळी थंडी पडली होती, डांबर कडक झालं होतं, आणि बाबा थापी गरम करून कामाला बसले होते. थोड्या वेळाने आईने मला हाक मारली. नेहमीची हाक नव्हती ती.

"बघ," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

मी डोळा लावला. ठिपका. लेन्स जराशी सरकवली. ठिपक्याची चकती झाली, काठापासून काठापर्यंत एकसारखी उजळ. कडा नव्हती. सावली नव्हती. मी चिर्नरच्या कितीतरी लेन्स पाहिल्यात, पदक मिळालेलीही पाहिली, पण अशी कधी नव्हती पाहिली.

"हात गेला," बाबा बाकावरून म्हणाले. उठले नाहीत. "लक्ष नव्हतं माझं."

"ठेवून देऊ," मी म्हणाले. "डब्यात नको. इथेच कपाटात ठेवू."

आईने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "कपाटात एक ठेवलीस तर उद्या दुसरी जाईल. हा तुझ्यासाठी वाईट करतोय, ग्रिट. चांगली करून ठेवायला जागा मिळाली तर एकही वाईट करणार नाही. मी याला ओळखते."

"मग काय करायचं?"

"बाद ती बाद. रेघ."

"मग मार ना."

आईने कोटाच्या खिशातून हिऱ्याचं टोक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "मी नाही. मी आयुष्यभर खराब काचेवर रेघ मारली. ही तू मार. तुला राहायचंय इथे."

मला तिचा असा राग आला! मग बाबांचा आला, त्या हॅम्बर्गवाल्याचा आला, बुडबुडे बघून खूश होणाऱ्या सगळ्या जगाचा आला. पण आई चुकीचं बोलत नव्हती. मी लेन्स काळ्या कापडावर ठेवली. टोक काचेच्या काठावर टेकवलं. बाबा उठून आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

"बाबा, तू बाहेर जा."

ते गेले नाहीत. एप्रनला हात पुसत उभे राहिले. मी टोक दाबलं. काच किरकिरली. माझं मनगट उचललं गेलं आणि रेघ मध्यापर्यंत जायच्या आत खाली घसरली. लोथारने लेथ बंद केलं.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि टेबलावर नीट टेकवून दिलं, शाळेत पहिल्यांदा अक्षर गिरवून घेताना धरलं होतं तसं. "मनगट उचलू नकोस. रेघ तरी सरळ मार, पोरी."

मी सरळ मारली.